आत-बाहेरची पाटी

मित्रांनो, मी लाकडाची आहे, वयाने पन्नाशी कधीच ओलांडली आहे, आणि आजवर माझ्या अंगावर दीडशेच्या वर माणसांची नावे येऊन गेली आहेत. ती सगळी मला पाठ आहेत. म्हातारपणी नवी नावे लक्षात राहत नाहीत म्हणे. माझेही तसेच आहे. कालचे नाव मला आठवावे लागते, पण पहिल्या वर्षीची चौदा नावे मी वरून खाली आणि खालून वर, कशीही सांगेन.

माझा जन्म अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी, ऑटर पॉइंट कॉलेजच्या सुतारखान्यात झाला. त्या वर्षी कॉलेजच्या व्यायामशाळेत मेपलच्या फळ्यांची नवी जमीन घातली होती आणि तिच्यातल्या चार फळ्या उरल्या होत्या. सुतार होता आर्वो साल्मेला, रुंद पंजांचा, कमी बोलणारा फिनिश माणूस. एके दिवशी त्याच्याकडे ऑफिसातली बर्निस यानोव्स्की आली. शिक्षकांचे टपाल, टायपिंग, निरोप, रुसवेफुगवे हे सगळे बर्निसच बघायची. ती ठेंगणी होती, पण आवाज असा की तिला फोनची गरज पडू नये.

"आर्वो, मला एक पाटी करून दे," ती म्हणाली.

"कसली?"

"अरे, पोरं बिचारी गुडघाभर बर्फातून येतात, ओले बूट घेऊन तीन जिने चढतात, आणि वर बघावं तर मास्तरांच्या दाराला कुलूप. की परत तीन जिने खाली. खालच्या खालीच कळायला पाहिजे, कोण आहे नि कोण नाही."

"मास्तरांनाच खाली बसव की."

"तू पाटी कर. विनोद करायला मी आहे."

अशी मी झाले. आर्वोने त्या चार फळ्या जोडल्या, रंधा मारला, आणि माझ्यावर आडव्या खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेच्या सुरुवातीला एका शिक्षकाचे नाव. खाचेचे डावे टोक हिरवे, तिथे 'आत' लिहिलेले. उजवे टोक लाल, तिथे 'बाहेर'. मध्ये पुढेमागे सरकणारी एक पितळी पट्टी. त्या पट्ट्या त्याने मोडक्या कुलपांच्या पत्र्यातून कापल्या होत्या, आणि कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून प्रत्येकीची कड तो कानशीने किती वेळ घासत बसला होता, ते मला अजून आठवते. मला बोलता आले असते तर मी त्याला तेव्हाच सांगितले असते, की बाबा, पुरे झाले आता, तुझी कॉफी गार झाली.

जिन्याच्या पायथ्याशी, मोठ्या दाराच्या समोरच मला टांगले. ती जागा मला फार आवडे. येणारा प्रत्येक जण आधी मला भेटायचा. कोणी बोटाने पट्टी सरकवी, कोणी हातमोज्यासकट. गणिताचे रुडी लिंडक्विस्ट यांच्या दोन्ही हातांत कायम पेपरांचे गठ्ठे असत, म्हणून ते कोपराने ढकलीत आणि दर तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याची पट्टी ढकलून जात. भूगर्भशास्त्राच्या सरांच्या बोटांना नेहमी माती असे. बर्निस येता जाता ओल्या फडक्याने मला पुसे आणि "काय ही माणसं! शिकवतात म्हणे!" असे मला उद्देशून म्हणे.

मुले माझ्यासमोर थांबत. ज्याला हवे ते शिक्षक 'आत' असतील त्याची पावले जिन्यावर धडधडत जात. एकदा एक मुलगी 'आत' वाचूनही लगेच वर गेली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली, मग हळूहळू चढून गेली. कॉलेज सोडते असे सांगायला ती आली होती, हे मला मागून कळले. तासाभराने ती खाली उतरली तेव्हा तिच्या हातात दोन पुस्तके होती आणि ती नाक पुसत हसत होती. त्या दिवशी मला वाटले, आपण नुसत्या भिंतीवर नाही, आपणही काहीतरी करतो.

आणि कोणी 'बाहेर' असेल तर? तर काहीच नाही. शिक्षक ग्रंथालयात असत, घरी पेपर तपासत असत, जुन्या तांब्याच्या खाणीत मुलांना दगड दाखवायला नेत. आलेला मुलगा माझ्याकडे बघे, "उद्या येतो" म्हणे आणि कोरड्या बुटांनी परत जाई. 'बाहेर' या शब्दात तेव्हा कसलीही लाज नव्हती. तो लाल रंगही मला हिरव्याइतकाच प्रिय होता.

अशी अठरा वर्षे गेली.

मग एका फेब्रुवारीत गावच्या वर्तमानपत्रात कोणाचे तरी पत्र छापून आले. मंगळवारी भर दुपारी कॉलेजचे तीन मास्तर गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून मासे धरत बसले होते, असे त्यात लिहिले होते. रुडींनी ते पत्र माझ्या पुढ्यात उभे राहून मोठ्याने वाचले.

"साफ खोटं आहे," ते म्हणाले. "मासे आम्ही दोघेच धरत होतो. तिसरा बर्फाची जाडी मोजत होता."

पण पत्राचे काम होऊन गेले होते. त्याच उन्हाळ्यात कॉलेजात नवे उपाध्यक्ष आले, श्री. हॉलिस बेकवर्थ. उंच, टापटिपीचे, खिशात कायम दोन पेन्सिली. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. पायऱ्यांवर बर्फ गोठला की ते स्वतः बादली घेऊन त्यावर वाळू टाकत. पण पायऱ्यांवर टाकावी तशी वाळू ते माणसांवरही टाकत. एकही जण घसरता कामा नये, असे त्यांना वाटे.

माझ्या शेजारी त्यांचे पहिले परिपत्रक लागले. प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला पस्तीस तास कॉलेजच्या हद्दीत हजर राहिले पाहिजे. खोलीत असताना दार उघडे ठेवले पाहिजे. आणि ते पाळले जाते की नाही, हे कळण्यासाठी बर्निसने रोज नऊ, बारा आणि तीन वाजता माझ्यासमोर उभे राहून कोण आत, कोण बाहेर, याची नोंद करायची. तास कमी भरले की ताकीदपत्र, आणि अशी तीन पत्रे गेली की प्रकरण समितीपुढे.

सगळ्यांना सारखेच धरले आहे हे दिसावे म्हणून बेकवर्थ साहेबांनी स्वतःचे नावही माझ्यावर लावायला सांगितले, सर्वांत वर. त्याच दिवशी सर्वांत खाली आणखी एक नवे नाव आले, डार्लीन ट्रेव्हारो. आर्वोने दोन्ही ओळी एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्या.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे मन लागेना. मी मुलांना सांगण्यासाठी होते. आता मी चहाड्या सांगू लागले. माझ्याकडे पाहताना लोकांचा चेहरा बदलला. बर्निस कागद घेऊन यायची, कपाळाला आठ्या घालून भराभरा खुणा करायची आणि जाताना मला म्हणायची, "तुझा काही दोष नाही गं. माझाही नाही. चल."

परिपत्रकांनाही पिल्ले झाली. वीज वाचवायची म्हणून शुक्रवारी दुपारनंतर इमारतीची ऊब कमी करायची, असे एक आले. शुक्रवारी दुपारीही हजर राहायचे, असे दुसरे. खोलीत चहाची किटली किंवा शेगडी ठेवायची नाही, असे तिसरे. शिक्षक ओव्हरकोट आणि लोकरी टोप्या घालून उघड्या दारात पेपर तपासत बसू लागले. पाच वाजता पहारेकरी इमारत रिकामी करी.

"पाच वाजता हाकलतात," रुडी जिन्यावरून ओरडत उतरायचे, "आणि तास भरले नाहीत म्हणून पत्र पाठवतात. मी राहू कुठे? या पाटीमागे?"

"हळू बोला," बर्निस म्हणायची. "पाटीमागे राहायचं नाही, असंही परिपत्रक निघेल."

शिक्षक हुशार माणसे. त्यांनी वाटा शोधल्या. रुडी खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून, दिवा लावून, माझ्यावरची पट्टी 'आत' ठेवून खुशाल घरी जात. भूगर्भशास्त्राचे सर उघड्या पुस्तकावर चष्मा ठेवून जात. त्यांच्याकडे चष्मे दोन होते. नऊ, बारा, तीन, प्रत्येक वेळी मी हिरवीगार. वर जाऊन पाहावे तर चार कोट आणि एक चष्मा. अठरा वर्षे खरे बोलले आणि आता रोज खोटे बोलू लागले. लाकडालाही लाज वाटते, मित्रांनो.

खोटे बोलले नाही ते एकच नाव, सर्वांत खालचे.

डार्लीन ट्रेव्हारो परिचारिकांना शिकवायची. गावच्या हॉस्पिटलात बारा वर्षे नोकरी करून, ती सोडून ती आमच्याकडे आली होती. दोन वर्षांनी तिला कायम करायचे की नाही ते ठरणार होते. तिच्या वर्गात बारा मुली होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार त्या मुली सहा मैलांवरच्या हॉस्पिटलात प्रत्यक्ष रोग्यांवर काम शिकत. शिक्षिका शेजारी उभी असल्याशिवाय त्यांनी सुईला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. म्हणून डार्लीन पहाटे सव्वासहाला कॉलेजात येई, पट्टी 'आत' करी, सरावाचे सामान गोळा करी, पावणेसातला पट्टी 'बाहेर' करून हॉस्पिटलात जाई. दुपारी पावणेचारला परत येई, पट्टी 'आत' करी, मुलींच्या वह्या तपाशी आणि पाच वाजता पुन्हा 'बाहेर'. चार वेळा तिचा अंगठा मला लागायचा. तिची नखे बारीक कापलेली असत आणि हाताला साबणाचा वास येई.

आता नोंदीच्या वेळा बघा. नऊ, बारा, तीन. आठवड्यातले तीन दिवस, या तिन्ही वेळी, डार्लीन ट्रेव्हारो 'बाहेर'.

पहिले पत्र नोव्हेंबरात आले. ती बेकवर्थ साहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे नियम दाखवला. हद्द म्हणजे कॉलेजची जमीन. हॉस्पिटल तिच्यात येत नाही. सवलत हवी असेल तर एक अर्ज आहे, तो समक्ष भरायचा, फक्त बुधवारी, दुपारी एक ते तीन. त्या वेळी ती कुठे असायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुसरे पत्र पुढच्या वसंतात आले. तिसरे त्यानंतरच्या जानेवारीत.

त्या दिवशी रुडी तिला माझ्याच पुढ्यात भेटले. तिच्या हातात पेस्टी होती. मांस-बटाटा भरलेली ती पेस्टी म्हणजे तिचे दुपारचे जेवण, आणि ती ते चार वाजता उभ्याने खात होती.

"अगं वेडे," रुडी म्हणाले, "पट्टी आत करून जात जा ना! आम्ही सगळे तेच करतो. माझा कोट तर माझ्यापेक्षा जास्त तास भरतो."

"ते नाही जमणार मला."

"का? हात दुखतो?"

"रुडी, मी पोरींना पहिल्या दिवशी काय शिकवते माहितीय? जे औषध दिलं नाही, ते 'दिलं' म्हणून तक्त्यावर लिहायचं नाही. कितीही घाई असू दे, कोणी कितीही ओरडू दे. एकदा लिहिलं की दुसरी नर्स ते खरं मानते, आणि मग रोगी जातो. आणि मीच इथे नसताना 'आत' लिहू?"

"ही पाटी आहे बाई. रोगी नाहीये."

"त्या पोरी रोज हिच्यासमोरून जातात," ती म्हणाली, आणि पट्टी 'आत' करून वर गेली.

रुडींनी माझ्यावरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी घरी जाताना त्यांनी पट्टी 'बाहेर' केली, कोपराने नव्हे, बोटाने. त्यांनाही पत्र आले. पण ते कधीचेच कायम झालेले होते. धोका होता तो डार्लीनला. ती गेली असती तर कॉलेजकडे दुसरी शिक्षिका नव्हती. बारा मुलींचा वर्ग तिथेच थांबला असता.

एप्रिलमध्ये समिती बसली. नोंदी चुकल्या आहेत की काय, असे कोणीतरी विचारले, तेव्हा बर्निस म्हणाली, "माझ्या कागदावर विश्वास नसेल तर पाटीच आणा ना समोर!" आणि आर्वोने स्क्रू काढून मला भिंतीवरून उतरवले. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते. मला काखेत घेऊन तो तीन जिने चढला आणि खिडकीशेजारच्या टेबलावर मला टेकवून ठेवले. मित्रांनो, वीस वर्षांत मी पहिल्यांदा सरोवर पाहिले. बर्फ फुटत होता आणि मधून मधून निळे पाणी दिसत होते. मुले ज्याच्याबद्दल बोलत येत ते हे, हे मला त्या दिवशी कळले. त्या कठीण दिवसातही मला त्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही.

टेबलाच्या टोकाला कॉलेजच्या अध्यक्षबाई होत्या. एका बाजूला बेकवर्थ साहेब कागद घेऊन, दुसऱ्या बाजूला डार्लीन नुसतीच, हात मांडीवर. साहेबांनी नोंदी वाचल्या. मंगळवार, नऊ, बाहेर. बारा, बाहेर. तीन, बाहेर. बुधवार तसाच. गुरुवार तसाच. ते वाचत राहिले, आणि मला माझाच आवाज ऐकल्यासारखे वाटले.

"नोंदी बरोबर आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"बरोबर आहेत," डार्लीन म्हणाली. "मी बाहेरच होते. हॉस्पिटलात, पोरींबरोबर."

"ते खरं असेल," बेकवर्थ साहेब म्हणाले, "त्याबद्दल मला शंका नाही. पण माझ्याकडे मोजायला एवढंच आहे. एकासाठी नियम वाकवला तर सगळ्यांसाठी वाकवावा लागेल. आणि मग परत वर्तमानपत्रात पत्र."

मला वाटले, झाले. मी एका चांगल्या बाईचे अन्न तोडले.

आर्वो दाराशी उभा होता, मला परत न्यायला. त्याला कोणी काही विचारले नव्हते. तो पुढे आला, टोपी काढली, आणि माझ्या सर्वांत खालच्या ओळीवर अंगठा फिरवला.

"या ओळीचा रंग कुठे गेला?" तो म्हणाला.

अध्यक्षबाई वाकून पाहू लागल्या. डार्लीनच्या खाचेतला रंग झिजून गेला होता. हिरव्याचे आणि लालचे दोन ठिपके टोकांना उरले होते, मध्ये नुसते मेपल, आणि त्यात पितळेने पाडलेली एक गुळगुळीत चाकोरी.

"दीड वर्षापूर्वी मी रंगवलीय ही," आर्वो म्हणाला. "शेजारची ओळ बघा, सहा वर्षांची आहे, अजून रंग टिकून आहे. ती लोकं दिवसातून दोनदा पट्टी हलवतात, नाहीतर हलवतच नाहीत. एवढी झीज व्हायला चार चार वेळा सरकवावी लागते, रोजच्या रोज. आणि सकाळी सव्वासहाला मी मोठं दार उघडतो ना, तेव्हा ही पायरीवर उभी असते. थंडीत सुद्धा. तेव्हा कागद घेऊन कोणी येत नाही."

आर्वोला सलग इतके बोलताना मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही.

अध्यक्षबाईंनी स्वतःचे बोट त्या चाकोरीतून फिरवले. मग त्यांची नजर वर गेली. सर्वांत वरच्या ओळीचा रंग अगदी कालचा वाटावा असा चकचकीत होता. त्यांनी तिथली पट्टी सरकवून पाहिली. ती हलेना. जोर लावला, तरी हलेना.

"ती माझी चूक," आर्वो म्हणाला. "दोन्ही ओळी एकाच दिवशी रंगवल्या. खालच्या पट्टीला दुसऱ्याच दिवशी हात लागला. ही रंग ओला असतानाच 'आत'वर बसवली, ती तशीच चिकटली. कोणी एकदा जरी हलवायला बघितलं असतं तर कळलं असतं."

बर्निसने हातातले कागद चाळले. "म्हणजे बेकवर्थ साहेब, तुम्ही दीड वर्ष आतच आहात," ती म्हणाली. "ऑक्टोबरात राजधानीला गेला होता, चार दिवस, तिकीट मीच काढलं होतं. इथे बघा, आत. नाताळच्या आदल्या दिवशी आत. तुमच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा... इश्श! आत!"

कोणीतरी खोकल्यासारखे करून हसू दाबले. बेकवर्थ साहेबांचा चेहरा मानेपासून लाल होत वर गेला. मला भीती वाटली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, उठून माझ्याजवळ आले, आणि आपल्याच नावापुढची पट्टी अंगठ्याने ढकलून पाहिली. मग खालच्या ओळीतली. ती कशी लोण्यासारखी सरकली! त्यांनी ती दोनदा पुढेमागे केली.

"माझे तास तरी भरले," ते हळूच म्हणाले. मग डार्लीनकडे वळून, "मिसेस ट्रेव्हारो, मी चुकीची गोष्ट मोजत होतो."

मित्रांनो, मोठ्या माणसाला हे वाक्य लहान मुलासमोर म्हणणेही जड जाते. त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हटले. त्याबद्दल मी त्यांचे आजही आभार मानते.

त्या संध्याकाळी ठरले, की काम जिथे चालते तिथले तास धरायचे. डार्लीनला मे महिन्यात कायम केले. सगळेच सुधारले असे समजू नका. किटलीची बंदी पुढे नऊ वर्षे राहिली, आणि शुक्रवारच्या थंडीत टोप्या घालून बसणे तर त्याहून जास्त. पण आर्वोने मला पुन्हा सुतारखान्यात नेले. माझ्या उजव्या अंगाला मेपलचा एक नवा तुकडा जोडला, सगळ्या खाचा तीन बोटे पुढे वाढवल्या, आणि नव्या टोकाला निळा रंग देऊन लिहिले, 'कामावर'. करवत लागली तेव्हा दुखले. पण त्या तुकड्याने मी पूर्ण झाले असे मला वाटते. त्यानंतर खुर्चीवरचे कोट हळूहळू खुंटीवर गेले. वरची पट्टीही आर्वोने रंगातून सोडवली, आणि बेकवर्थ साहेब ती जाता येता नेमाने सरकवू लागले. कधी विसरले तर फाटकापासून परत येत.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्याच जुन्या वस्तूंची असते. आर्वो गेला. बर्निस निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिने मला फडक्याने नव्हे, स्वतःच्या रुमालाने पुसले. माझ्या जागी काचेचा उजळ पडदा आला. मला तळघरात मोडक्या खुर्च्यांमागे ठेवले, तोंड भिंतीकडे करून. किती वर्षे ते सांगता येत नाही, कारण तिथे सांगणारे कोणी येत नव्हते. ओल आली, एका उंदराने माझ्या पाठीमागे घर केले. त्याच्याशीही माझे वाईट नव्हते. तेव्हा मी मनातल्या मनात नावे म्हणत असे. पहिली चौदा, मग पुढची. माझ्यावर नावे लिहिली गेली होती म्हणून मला म्हणायला काहीतरी होते. रिकाम्या फळीचे काय झाले असते?

एके दिवशी दिवा लागला. डार्लीन आली होती, निवृत्त होऊन दोन वर्षे झालेली, हातात काठी. सरावासाठी वापरायच्या जुन्या बाहुल्या हॉस्पिटलाला द्यायच्या म्हणून ती शोधत होती. खुर्च्या सरकवताना मी दिसले. तिने मला वळवले, आणि पहारेकऱ्याला विचारले, "ही टाकणार आहात का?"

"केव्हाच टाकायची होती, बाई. जड आहे म्हणून राहिली."

"मग जड होती हे बरं झालं," डार्लीन म्हणाली.

आता मी हॉस्पिटलाच्या चौथ्या मजल्यावर आहे, शिकाऊ परिचारिकांच्या खोलीच्या भिंतीवर. कॉलेजच्या हद्दीबाहेर सहा मैल! डार्लीन आता नाही. तिच्याच त्या बारा मुलींपैकी एक, केस पिकलेली, इथे शिकवते. दर ऑगस्टमध्ये ती माझ्यावर नवी नावे लावते आणि नव्या मुलामुलींना माझ्यासमोर उभे करून काहीतरी सांगते. काय सांगते ते मी तुम्हाला पुन्हा सांगत नाही.

माझे मागणे फार नाही. मला पॉलिश नको, काचेच्या कपाटात जागा नको. वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा आणि ओलीपासून दूर ठेवा, एवढ्यावर लाकूड पुष्कळ दिवस काढते. पण माणसांसाठी थोडे जास्त मागते. कोणाची खुर्ची रिकामी दिसली, कोणी वेळेवर जागेवर सापडले नाही, तर लगेच त्याच्या नावापुढे खूण करू नका. आधी विचारा, की तो कुठे गेला आहे आणि कोणासाठी गेला आहे. विचारायला एक मिनिट लागते. मला ते विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.

माझ्यावर आज अकरा नावे आहेत. अकराच्या अकरा पट्ट्या 'कामावर' आहेत. माझ्यासमोरची खोली पार रिकामी आहे, खुर्च्यांवर एकही कोट नाही, आणि मला फार बरे वाटते आहे.